‘पाव’ शब्दाची तीन घराणी

मराठीत ‘पाव’ हा दोन अक्षरी शब्द तीन ठिकाणी भेटतो: पावशेर दुधात, ‘देवा, मला पाव’ या विनवणीत आणि चहाबरोबरच्या बशीत. तिघे सख्खे भाऊ वाटावेत. पण केवळ नादसाम्यावरून नाते जोडू नये, हे मी या शब्दाकडून शिकलो.

पहिला ‘पाव’ संस्कृत ‘पाद’पासून आला. चतुष्पादाचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. इंग्रजीतला ‘फूट’ हा त्याचा दूरचा चुलतभाऊ. दुसरा ‘प्र’ आणि ‘आप्’ यांपासून झाला. मूळ अर्थ पोहोचणे, मिळणे. तिसरा मात्र जहाजातून उतरला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला. त्यांच्या भाषेतला ‘पांव’ लॅटिन ‘पानिस’चा वंशज. गोव्यातला पाव भाजणारा ‘पोदेर’ त्याच कुळातला. पोर्तुगीजांबरोबर हा शब्द जपानातही गेला. तिथे आजही पावाला ‘पान’च म्हणतात.

पीठ पायाने तुडवतात म्हणून तो ‘पाव’, अशी व्युत्पत्ती आपल्याकडे सांगतात. तिला आधार नाही. परक्या अन्नाचा संशयच तीतून बोलतो, असे मला वाटते. पाव खाल्ला की माणूस बाटला, असे एके काळी मानीतच. गंमत अशी, की लॅटिनमध्ये ज्याच्यासोबत भाकरी खायची तो ‘कोम्पानिओ’. आपली ‘कंपनी’ त्यातूनच निघाली. ज्या पावापायी आपण पंगत मोडली, त्याच्याच कुळात सोबतीचा शब्द जन्मला होता.