अजून न छापलेले पत्ते

पत्त्यांचा डाव म्हटला की आपल्यापुढे बावन्न पानांचा जोड येतो. राजा, राणी, गुलाम ठरलेले; उद्या एखादा पाचवा राजा येईल काय, असे कोणी विचारीत नाही. परंतु पत्त्यांचा एक खेळ असा आहे की त्यात दर काही महिन्यांनी नवी पाने, नवी पात्रे येतात, आणि ती येण्यापूर्वीच देशोदेशींचे खेळाडू 'आता कोण येणार?' याची अटकळ बांधू लागतात. कित्येकांना हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. का वाटत नाही, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

हा खेळ म्हणजे 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली वॉशिंग्टन राज्यातील विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो विक्रीस आणला. दोन मांत्रिकांचे द्वंद्व, अशी त्याची कल्पना. प्रत्येक पानावर चित्र, नाव आणि ते पान काय करते याचा नियम छापलेला असतो. पांढरा, निळा, काळा, लाल व हिरवा असे जादूचे पाच रंग आहेत. पाने बंद पुडक्यांतून विकतात. आत काय आहे ते पुडके फोडल्यावर कळते.

नवा संच निघण्याआधी कंपनी त्यातील पाने थोडी थोडी जाहीर करते. येथे खेळाडूंची बुद्धी चालू लागते. १९९८ पासून पानांवर अनुक्रमांक असतो. पाने रंगवारीने आणि प्रत्येक रंगात इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेली असतात. समजा, चाळीस व बेचाळीस क्रमांकांची निळी पाने जाहीर झाली. मग मधले पान निळेच असणार, आणि त्याचे नाव त्या दोन नावांच्या मध्ये बसणारे असणार. म्हणजे न पाहिलेल्या पात्राचा रंग कळला, नावाचे आद्याक्षरही बहुधा कळले. याला ज्योतिष म्हणता येणार नाही; हा सरळ हिशेब आहे.

याहून मौजेचा प्रकार २००७ साली घडला. त्या वर्षी मे महिन्यात 'फ्यूचर साइट' नावाचा संच निघाला. त्यातील 'टार्मोगॉइफ' या पानावर कंसात, पानांचे प्रकार कोणकोणते, याची यादी छापली होती. त्या यादीत 'प्लेन्सवॉकर' असा एक शब्द होता. एका जगातून दुसऱ्या जगात संचार करणारा मांत्रिक, या अर्थाने तो खेळाच्या कथांत जुनाच होता. पण त्या प्रकारचे पान तोवर एकही निघाले नव्हते. चाणाक्ष वाचकांनी ओळखले की काही तरी येऊ घातले आहे. ऑक्टोबरात 'लॉर्विन' संचाबरोबर अजानी, जेस, लिलियाना, चांड्रा आणि गारुक हे पाच प्लेन्सवॉकर आले, प्रत्येक रंगाला एक. कंसातला एक शब्द नीट वाचणारा जिंकला.

पण त्याच संचात दुसरेही एक पान होते: 'स्टीमफ्लॉगर बॉस', म्हणजे एक मुकादमच. 'कॉन्ट्रॅप्शन' नावाची यंत्रे जोडण्याविषयीचा नियम त्यावर होता, आणि अशी यंत्रे खेळात कोठेच नव्हती. खेळाडूंनी तर्क केला की तीही येणार. वास्तविक ती रचणाऱ्यांनी केलेली थट्टा होती. तरीही खेळाडू वर्षानुवर्षे विचारीत राहिले आणि अखेर डिसेंबर २०१७ मध्ये 'अनस्टेबल' या विनोदी संचात ती यंत्रे खरोखर छापली गेली. पहिल्या उदाहरणात खुणेवरून अनुमान निघाले. दुसऱ्यात खूण फसवी होती, पण मागणी खरी ठरली.

खूण आणि इच्छा यांतला हा भेद आम्हांला कामगार चळवळीत वावरताना फार उपयोगी पडला आहे. मालक काय करणार हे कामगारांना आधी कोणी सांगत नाही. मग ते पाहतात: जादा काम बंद झाले, कच्चा माल कमी येऊ लागला, जुन्या यंत्रांची दुरुस्ती थांबली. या खुणा. 'आपले खाते बंद होणार नाही' ही इच्छा. आणि 'अमक्याने साहेबांच्या तोंडून ऐकले' ही अफवा. तिन्ही एकाच पोत्यात भरली की सभेत गोंधळ होतो. वेगळी ठेवली की निर्णय घेता येतो. जेथे निर्णय बंद दाराआड होतात, तेथे बाहेर उभ्या असलेल्यांचा विचार अटकळीच्या रूपानेच चालतो.

आणि दाराला कुलूप असतेच. एप्रिल २०२३ मध्ये एका खेळाडूच्या हाती एका आगामी संचाची पुडकी विक्रीच्या तारखेआधी पडली व त्याने ती फोडून लोकांना दाखवली. ती परत घेण्यासाठी कंपनीने त्याच्या घरी पिंकर्टन संस्थेची माणसे पाठवली. पिंकर्टन हे नाव कामगारांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १८९२ च्या जुलैमध्ये होमस्टेड येथील कार्नेगी पोलाद कारखान्यातील कामगारांविरुद्ध याच संस्थेचे सुमारे तीनशे लोक नावांतून आणले होते. तेथे गोळीबार झाला आणि दोन्ही बाजूंची माणसे मेली. पत्त्यांच्या प्रकरणात रक्त सांडले नाही, दोन्हींची तुलना करण्याचे कारण नाही; पण गुपिताची किंमत काय असते ते यावरून दिसते.

मग खेळाडूंना शब्द कधीच मिळाला नाही काय? मिळाला आहे. याच कंपनीने लोकांच्या मतांनी 'फरगॉटन एन्शंट' हे पान घडवून २००३ साली छापले. १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज' या दुसऱ्या पत्त्यांच्या खेळात तर स्पर्धांच्या निकालांवरून कथेचा पुढचा भाग ठरत असे. तेथे खेळाडू नुसती अटकळ बांधीत नव्हते, घडवीतही होते.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. विझार्ड्स ही कंपनी १९९९ साली हॅस्ब्रोने विकत घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये हॅस्ब्रोने सुमारे अकराशे नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, आणि काढलेल्यांत विझार्ड्सची माणसेही होती. पुढच्या पानावर कोण येणार हे कंसातल्या एका शब्दावरून ओळखणारी बुद्धी लहान नव्हे. तिने एक पाऊल पुढे टाकावे आणि ती पाने रचणाऱ्यांपैकी कोण राहणार, कोण जाणार, हेही तितक्याच चिकाटीने विचारावे. यंत्रांबद्दल दहा वर्षे विचारले तर ती छापली गेली. माणसांबद्दल विचारणाराही कोणी हवा.