नामंजूर रजेचे पैसे

भोसरीतल्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला होतो. काम सोडणाऱ्याचं रजेचं कार्ड हिशेबासाठी माझ्या टेबलावर यायचं. पीएफवरून सहसा कोणी भांडत नसे. भांडण व्हायचं ते उरलेल्या पीएलवरून, म्हणजे पगारी रजेवरून. पीएल ज्याने त्याने मनात मोजलेली असते आणि ती मोजणी मस्टरपेक्षा हटकून जास्त भरते.

तेव्हा १९४८ चा कारखाने कायदा चालायचा. वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांच्या कामामागे एक रजा. मध्येच सोडणाऱ्याला २४० ची अटही नाही. पैसे दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत हातात पडायला हवेत (यातल्या ‘दुसऱ्या’चा अर्थ आमचे अकाउंट्सवाले सोयीने लावत). दर काढताना महागाई भत्ता धरायचा, ओव्हरटाइम नाही. इथे निम्मे लोक हिरमुसायचे. आणि मागच्या सालची शिल्लक पुढे ओढायची ती फार तर ३० दिवस.

लेथवरचे एक मामा राजीनामा देऊन आले. म्हटलं, “मामा, मागची तीसच बसते. या सालची वेगळी धरतो.”

“मागची अठ्ठेचाळीस आहे.”

त्यांनी दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले तीन कागद काढले. तीन सालचे वारीसाठीचे अर्ज, सहा-सहा दिवसांचे, महिनाभर आधी दिलेले. घड्यांवर तेलाचे डाग. प्रत्येकावर लाल शाईत ‘नामंजूर, डिस्पॅच आहे’, खाली सुपरवायझरची सही आणि तारीख.

“अहो, ही रजा मिळालीच नाही ना तुम्हाला?”

“म्हणून तर ठेवलेत.”

मी कायद्याचं पुस्तक उघडलं. कलम ७९, पोटकलम ५, त्याखालचं परंतुक: रीतसर मागून नाकारलेली रजा पुढे ओढायला मर्यादाच नाही. रोज हिशेब करणारा मी, पण तिथवर कधी वाचलंच नव्हतं. मामांना ते चहाच्या टपरीवर युनियनच्या कुणीतरी सांगितलं होतं. मॅनेजरसाहेबांनी तिन्ही सह्या निरखल्या, सुपरवायझरला बोलावून त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि अठ्ठेचाळीस मंजूर केली.

पुढच्या वारीच्या आधी अर्जांचा गठ्ठा आला, तर एकावरही ‘नामंजूर’ नाही. नाकारायचा असेल तो अर्ज सुपरवायझर घ्यायचा, खिशात घालायचा आणि म्हणायचा, “बघू.”