जॅममधली साखर कशासाठी?

फेब्रुवारी-मार्च आला, की आमच्या वाईच्या बाजारात स्ट्रॉबेरीचा घमघमाट सुटतो. महाबळेश्वर-पाचगणीकडून पसरणीचा घाट उतरून ही फळं येतात. 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हंगाम सरत आला, की बारकी फळं स्वस्त होतात आणि घरोघरी जॅम शिजू लागतो. मीही दरवर्षी करते. पण हल्ली बरण्या बघून मैत्रिणी हटकून विचारतात, "अगं, एवढी साखर? निम्मी घातली तर नाही का चालणार?"

प्रश्न रास्तच आहे. माझ्या दादाला मधुमेह आहे, म्हणून वहिनीनं गेल्या वर्षी निम्म्या साखरेचा जॅम केला आणि बरण्या फडताळात ठेवल्या. पंधरा दिवसांत वर बुरशी! वरचा थर काढून उरलेला जॅम ती मुलांना देणार होती. मी तिचा हात धरला. बुरशीचे तंतू खोलवर गेलेले असतात आणि काही बुरशी विषारी द्रव्यंही तयार करतात. ती दिसत नाहीत, चवीलाही कळत नाहीत. जिवावर येतं, पण अशी बरणी अख्खी टाकून द्यायची.

आजीचा मुरंबा वर्षभर का टिकायचा, आठवून बघा. साखर फळातलं पाणी धरून ठेवते, मग बुरशीला वाढायला पाणी मिळत नाही. म्हणजे जॅममधली साखर गोडीपुरती नसते, ती राखणदार असते! आपल्याकडच्या अन्नविषयक नियमांतही जॅममध्ये विरघळलेले घटक, म्हणजे मुख्यतः साखर, शेकडा ६५ तरी हवेत असं म्हटलंय.

आता माझं प्रमाण सांगते. १ किलो पिकलेली, पण न डागाळलेली स्ट्रॉबेरी, ८०० ग्रॅम साखर आणि २ लिंबांचा रस. स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा घटक, कमी असतो. लिंबाच्या आंबटपणामुळे जॅम धरायला मदत होते, त्यामुळे लिंबू टाळू नका.

फळं देठांसकट धुवा, देठ मागाहून काढा, म्हणजे आत पाणी शिरत नाही. फोडी करून साखर घाला आणि दोन तास झाकून ठेवा. पसरट स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर साखर विरघळू द्या, मग लिंबाचा रस घालून आच वाढवा आणि ढवळत राहा. जॅम फसफसून वर येतो, तेव्हा पातेलं मोठं हवं. फ्रीजरमध्ये गार केलेल्या ताटलीत थेंब टाका. मिनिटभरानं बोटानं ढकलल्यावर सुरकुती पडली, की जॅम झाला. ही परीक्षा घेताना गॅस बंद ठेवा, नाहीतर जॅम चिवट होतो.

काचेच्या बरण्या १० मिनिटं पाण्यात उकळून गरम असतानाच भरा. वर पाव इंच जागा सोडा, कड पुसा, नवी झाकणं लावा. मग तळाशी फडकं घातलेल्या पातेल्यात बरण्या उभ्या ठेवून, झाकणांवर इंचभर येईल इतकं गरम पाणी घाला आणि पाणी उकळायला लागल्यापासून १० मिनिटं ठेवा. गार झाल्यावर झाकणाचा मध्य आत ओढला गेला, तर बरणी हवाबंद झाली. जे झाकण दाबल्यावर टिकटिक वाजतं, ती बरणी फ्रीजमध्ये ठेवा आणि आधी संपवा. फोडलेल्या बरणीची जागाही फ्रीजमध्येच.

कमी साखरेचा जॅम करूच नये का? जरूर करा, पण एकच छोटी बरणी. ती पहिल्यापासून फ्रीजमध्ये आणि आठ-दहा दिवसांत फस्त! मात्र 'साखर कमी' म्हणजे 'मधुमेहाला चालतं' असं समजू नका. दादासाठी आता वहिनी डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात ताजी स्ट्रॉबेरीच ठेवते.

आणि हो, बरणीवर तारखेबरोबर साखरेचं प्रमाणही लिहा. कुठली बरणी फडताळात आणि कुठली फ्रीजमध्ये, हे घरातल्या प्रत्येकाला न विचारता कळायला हवं.