अध्यक्षस्थानी वड

साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून महाराष्ट्रात जी रणे माजतात ती पाहता, फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळच्या पालवण येथे भरलेल्या वृक्षसंमेलनाने अध्यक्षस्थानी चक्क एका वडाची योजना केली यात मोठाच शहाणपणा होता. कारण या अध्यक्षांना भाषण करावयाचे नव्हते, आणि त्यांच्या निवडीविरुद्ध कोणाची हरकत निघण्याचाही संभव नव्हता. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने भरलेल्या या सोहळ्यात थट्टेचा अंश असेलही, परंतु ज्याच्या सावलीत बसावयाचे त्यालाच मानाचे आसन द्यावे, हा विचार थट्टेचा नाही.

वृक्षांचे उत्सव आपणांस नवे नाहीत. कन्हैयालाल मुनशी केंद्रीय अन्न व कृषिमंत्री असताना १९५० साली वनमहोत्सव सुरू झाला, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात खड्डे खणले जातात, रोपे लागतात, छायाचित्रे निघतात. पुढल्या वर्षी कित्येकदा त्याच खड्ड्यात नवे रोप लागते. म्हणूनच रोप लावण्याच्या समारंभापेक्षा, उभ्या झाडाची ओळख करून घेण्यासाठी भल्या पहाटे रस्त्यांवरून हिंडणाऱ्या हौशी मंडळींचे मला अधिक कौतुक वाटते. करंज कोणता, वावळ कोणता, पुत्रंजीव कोणता, हे ज्याला सांगता येते त्याच्या देखत त्या झाडावर कुऱ्हाड चालविणे सोपे नसते.

देशी झाडांचा आग्रह हा केवळ स्वदेशीचा अभिमान नव्हे. वड, पिंपळ, उंबर यांच्या फळासारख्या दिसणाऱ्या पोकळीत फुले दडलेली असतात आणि प्रत्येक जातीचे परागीभवन तिच्या ठराविक चिलटाएवढ्या गांधीलमाश्या करतात. ही झाडे वेगवेगळ्या वेळी फळत असल्याने तांबट, बुलबुल, वटवाघळे यांचा शिधा वर्षभर चालतो. उलट, दक्षिण अमेरिकेतून आलेल्या वर्षावृक्षांनी मुंबईचे रस्ते झाकून टाकले खरे, परंतु पिठ्या ढेकणाची कीड पडली तेव्हा रांगाच्या रांगा वठताना लोकांनी पाहिल्या. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तरीही सातारकर १ मे रोजी त्याचा दिवस चित्रांनी आणि कवितांनी साजरा करतात, आणि त्या आनंदावर विरजण घालण्याची माझी इच्छा नाही. एवढेच की त्याच सुमारास जांभळ्या फुलांनी लहडणारा तामण आपल्या राज्याचे फूल मिरवतो, आणि त्याला ओळखणारे विरळा.

शहरातल्या झाडाचे हाल मात्र जात विचारून होत नाहीत. शिकवणीच्या नि भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या ठोकण्यासाठी मारलेला खिळा सालीखालचा अन्नवाहक थर भेदतो आणि त्या जखमेतून बुरशीला वाट मिळते. पुण्यात खिळेमुक्त झाडांची मोहीम चालविणारे तरुण पक्कड घेऊन हेच खिळे उपसत असतात. त्याहून घातक म्हणजे बुंध्यापर्यंत भिडवलेले काँक्रीट. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फूट मातीतच पसरलेली असतात, आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा हुकूम दिला होता.

हुकुमांची वाण आपल्याकडेही नाही. झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात, सबब धन्याच्या राजीखुशीवाचून त्यांस हात लावू नये, अशी ताकीद रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. १९७५ च्या राज्य कायद्याने नागरी भागांत वृक्ष प्राधिकरण, वृक्षगणना, तोडीसाठी परवानगी असा सारा दफ्तरी सरंजाम उभा केला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांस वारसावृक्षाचा दर्जा दिला. पण कायद्याच्या नजरेत तोड येते, घुसमट येत नाही. ज्येष्ठी पौर्णिमेला, बाजारात विकत मिळणारी वडाची तोडलेली फांदी नाकारून, सुवासिनी मुद्दाम उभ्या वडापाशी जातात आणि श्रद्धेने पाणी घालतात. ते फरशीवरून घरंगळत गटाराला मिळते. काही वस्त्यांतील मंडळी अशा वडाभोवतीची फरशी परवानगी काढून उखडतात, खालची दगडासारखी झालेली माती भुसभुशीत करतात आणि हातभर रुंदीचे आळे बांधतात. पुढल्या ज्येष्ठात तेच तांब्याभर पाणी मुळांशी जिरते.