रात्रपाळीचा डॉक्टर आणि रुग्णाची सुरक्षितता : लखनौच्या लोहिया संस्थेच्या निमित्ताने

लखनौ : वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात रात्री दोन वाजता एखाद्या रुग्णाची प्रकृती अचानक बिघडली, तर खाटेजवळ सर्वप्रथम पोहोचतो तो बहुधा पदव्युत्तर शिक्षण घेणारा निवासी डॉक्टर. त्याची ड्युटी कधी सुरू झाली, वॉर्डात त्याच्या जबाबदारीवर किती रुग्ण आहेत आणि सोबतीला किती परिचारिका आहेत, यावर पुढच्या काही मिनिटांतील निर्णयांची गुणवत्ता अवलंबून असते. त्यामुळे अशा रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास हा सेवाशर्तींपुरता मर्यादित विषय राहत नाही. तो रुग्णाच्या सुरक्षिततेचा विषय ठरतो. गोमती नगरातील डॉ. राम मनोहर लोहिया आयुर्विज्ञान संस्थेची जडणघडण पाहिली, म्हणजे हा संबंध अधिक स्पष्ट होतो.

रुग्णालयाचे महाविद्यालय कसे झाले?

गोमती नगरच्या विभूती खंडातील ही संस्था उत्तर प्रदेश सरकारने २००६ मध्ये स्थापन केली. दिल्लीतील याच नावाच्या केंद्र सरकारी रुग्णालयाहून ती वेगळी आहे. हृदयरोग, मूत्रपिंडविकार, कर्करोग अशा विकारांवरील अतिविशेषोपचार हे तिचे आरंभीचे प्रयोजन होते. २०१५ मध्ये तिच्यासाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला आणि २०१७ मध्ये १५० जागांसह एमबीबीएस अभ्यासक्रम सुरू झाला.

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला मात्र केवळ अतिविशेषोपचार पाहून शिकता येत नाही. ताप, प्रसूती, अस्थिभंग, विषबाधा, बालकांचे अतिसार असे सर्वसामान्य रुग्ण आणि त्यांच्यासाठी पुरेशा खाटा असलेले रुग्णालय त्याला आवश्यक असते. असे रुग्णालय शेजारीच होते. डॉ. राम मनोहर लोहिया संयुक्त चिकित्सालय हे राज्याच्या आरोग्य विभागाचे रुग्णालय २०१९ मध्ये संस्थेत विलीन करण्याचा निर्णय झाला. शहीद पथावरील माता व बाल रुग्णालयही संस्थेच्या अखत्यारीत चालते. अशा रीतीने एका संस्थेभोवती अनेक इमारतींचे जाळे उभे राहिले.

लखनौला वैद्यकीय शिक्षणाची परंपरा जुनी आहे. १९११ मध्ये सुरू झालेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय आज विद्यापीठ आहे, तर रायबरेली मार्गावर संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. लोहिया संस्थेने शहराच्या पूर्व भागाला आणि त्यापलीकडच्या बाराबंकी, गोंडा, बहराइच अशा जिल्ह्यांतून येणाऱ्या रुग्णांना तिसरे मोठे केंद्र दिले.

रुग्णासाठी काय बदलले?

उत्तर प्रदेशातील जिल्हा रुग्णालयांत एक रुपयात केसपेपर निघतो आणि बहुतांश उपचार विनामूल्य मिळतात. स्वायत्त संस्थेत नोंदणी व तपासण्यांसाठी स्वतंत्र शुल्करचना असते. त्यामुळे जुन्या रुग्णालयातील मोफत सेवा विलीनीकरणानंतरही चालू राहतील का, हा त्या वेळच्या चर्चेतील कळीचा मुद्दा होता.

लाभ आणि अडचण दोन्ही येथे एकाच दारातून येतात. छातीत दुखते म्हणून साध्या तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला त्याच परिसरात हृदयरोगतज्ज्ञ उपलब्ध होतो. दुसरीकडे, ज्याला केवळ रक्तदाबाच्या गोळ्या हव्या असतात, तोही त्याच रांगेत उभा राहतो. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालय यांच्या पातळीवर जे उपचार होऊ शकतात, ते तेथे न झाल्यास त्यांचा भार अखेरीस अध्यापन रुग्णालयावर आणि तेथील निवासी डॉक्टरांवर येतो.

वॉर्डातील कामाची उतरंड

अध्यापन रुग्णालयात काम विविध पातळ्यांवर विभागलेले असते. एमबीबीएसनंतर एक वर्षाचे प्रशिक्षण घेणारा इंटर्न रक्ताचे नमुने घेतो, अहवाल आणतो, नोंदी करतो. तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करणारा कनिष्ठ निवासी डॉक्टर रुग्ण तपासतो आणि उपचारांचा दैनंदिन क्रम सांभाळतो. ज्येष्ठ निवासी डॉक्टर त्याच्यावर देखरेख ठेवतो, तर अंतिम जबाबदारी प्राध्यापक दर्जाच्या तज्ज्ञाची असते. निवासी डॉक्टर एकाच वेळी विद्यार्थीही असतो आणि कर्मचारीही. त्याच्या अडचणींचे मूळ बरेचसे या दुहेरी ओळखीत आहे. विद्यार्थी म्हणून त्याला तक्रार करणे अवघड जाते आणि त्याच्याविना वॉर्ड चालत नाही.

परिचारिकांचा प्रश्न संख्येचा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डात दर तीन रुग्णांमागे एक, तर अतिदक्षता विभागात दर रुग्णामागे एक परिचारिका असावी. देशातील अनेक सरकारी रुग्णालये या निकषापासून दूर आहेत. उरलेली पोकळी रुग्णाचे नातेवाईक भरून काढतात. स्ट्रेचर ढकलणे, औषधे आणणे, सलाइनची बाटली संपत आली की सांगायला धावणे, ही कामे त्यांच्याकडे येतात. लांबच्या गावाहून आलेल्या कुटुंबासाठी त्याचा अर्थ बुडालेली मजुरी आणि व्हरांड्यात काढलेल्या रात्री असा होतो.

नियम काय सांगतात?

कामाच्या तासांविषयी नियम नाहीत, असे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या ५ जून १९९२ च्या निर्देशानुसार निवासी डॉक्टरांचे काम सामान्यतः आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा अधिक असू नये. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण विनियमांत मात्र निश्चित आकडा नाही. वाजवी कामाचे तास, विश्रांतीसाठी वाजवी वेळ आणि साप्ताहिक सुट्टी, एवढाच त्यात उल्लेख आहे.

आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी नेमलेल्या राष्ट्रीय कृती दलाने २०२४ मध्ये अहवाल दिला. पाहणीत सहभागी झालेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४५ टक्के जणांनी आठवड्याला ६० तासांहून अधिक काम करावे लागत असल्याचे, तर ५६ टक्क्यांहून अधिक जणांनी नियमित साप्ताहिक सुट्टी मिळत नसल्याचे सांगितले. आठवड्याला कमाल ७४ तास, म्हणजे एक २४ तासांची ड्युटी, पाच दिवस प्रत्येकी १० तास आणि एक दिवस सुट्टी, अशी शिफारस या दलाने केली. १९९२ मधील ४८ तासांच्या तुलनेत ही मर्यादा बरीच सैल आहे. तरीही आज अनेक ठिकाणी तीही मोठी सुधारणा ठरेल.

तास कमी केले की चुका कमी होतात?

या प्रश्नाचे उत्तर संशोधनातून टप्प्याटप्प्याने उलगडत गेले. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टन येथील अभ्यासात, दीर्घ ड्युटीच्या पारंपरिक वेळापत्रकात काम करणाऱ्या इंटर्नकडून अतिदक्षता विभागात सुमारे ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्याचे आढळले. त्याच संशोधकांच्या गटाने २०२० मध्ये बालरुग्णांच्या सहा अतिदक्षता विभागांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा निष्कर्ष उलटा आला. कमी तासांच्या वेळापत्रकात चुका वाढल्या होत्या. तास घटवताना काही ठिकाणी प्रत्येक डॉक्टरमागील रुग्णांची संख्या वाढली होती, हे त्याचे कारण दिसले. हा फरक हिशेबात घेतल्यावर दोन्ही वेळापत्रकांतील तफावत उरली नाही.

तिसरा धागा पाळी बदलताना होणाऱ्या माहितीच्या हस्तांतरणाचा आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ रुग्णालयांच्या अभ्यासात, पुढच्या डॉक्टरकडे रुग्ण सोपवताना ठरावीक क्रमाने माहिती देण्याची पद्धत लावल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. विश्रांती, पुरेसे मनुष्यबळ आणि शिस्तबद्ध हस्तांतरण, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच रुग्णाला लाभ होतो, असा याचा अर्थ आहे.

सुरक्षिततेची दुसरी बाजू

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरील प्रशिक्षणार्थी महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. दीर्घ ड्युटीदरम्यान ती सभाकक्षात विश्रांती घेत होती. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन २० ऑगस्टला राष्ट्रीय कृती दल नेमले. लखनौसह देशभरातील निवासी डॉक्टरांनी तेव्हा निदर्शने केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये रुग्णालयातच झालेला हल्ला आणि २०१५ पर्यंत सहकारी परिचारिकांनी केलेली त्यांची शुश्रूषा महाराष्ट्र विसरलेला नाही. दोन्ही घटनांत विश्रांतीची वा कपडे बदलण्याची सुरक्षित जागा हा प्रश्न होता.

डॉक्टरांवरील हल्ल्यांविरोधात महाराष्ट्रात २०१० पासून आणि उत्तर प्रदेशात २०१३ पासून कायदा आहे. परंतु नातेवाइकांचा संताप बहुधा तासन्‌तास कुणीच काही न सांगितल्यामुळे साचत जातो. थकलेल्या डॉक्टरकडून सर्वप्रथम सुटतो तो संवाद. म्हणूनच पहारेकऱ्यांची संख्या वाढवण्याइतकेच कुटुंबाला ठरावीक वेळी माहिती देणारी व्यवस्था उभारणे महत्त्वाचे आहे.

विस्ताराची खरी कसोटी

अध्यापन रुग्णालयांचे जाळे देशभर विस्तारत आहे. जिल्हा रुग्णालयांना महाविद्यालये जोडली जात आहेत, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयांत काम करणे बंधनकारक झाले आहे. त्यामुळे जिल्ह्यांना तरुण डॉक्टर मिळतात. मात्र त्या काळात मूळ वॉर्डातील काम मागे उरलेल्यांमध्ये वाटले जाते. गोमती नगर असो वा परळ, विस्ताराची घोषणा सहसा खाटा आणि जागांच्या आकड्यांत होते. त्या आकड्यांसोबत रात्रपाळीत प्रत्येक डॉक्टर व परिचारिकेमागे किती रुग्ण असतात आणि साप्ताहिक सुट्टी प्रत्यक्षात किती जणांना मिळते, हेही नियमितपणे जाहीर झाले, तर विस्तार रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचला की नाही, हे नागरिकांना ताडून पाहता येईल.