पडद्यावरचे चित्र आणि वर्गाची भिंत

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे चित्र तेथे मंद प्रकाशात पाहावे लागते. तेच चित्र संकेतस्थळावर उघडले, की वर्गातील प्रत्येकाला ते हवे तेवढे मोठे करून पाहता येते. झुकलेल्या पापण्या, हातातील कमळ आणि कालौघात उडालेले रंगही दिसू लागतात. ज्यांना प्रवास शक्य नाही, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे.

मात्र पडदा एक गोष्ट झाकून ठेवतो. ती म्हणजे चित्राचे आकारमान. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील 'मोनालिसा' ७७ सेंटिमीटर उंच व ५३ सेंटिमीटर रुंद आहे. पिकासोने १९३७ साली रंगवलेले 'गेर्निका' हे चित्र सुमारे साडेतीन मीटर उंच व पावणेआठ मीटर रुंद आहे. संगणकावर मात्र दोन्ही सारखीच लहान भासतात. बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या स्पेनमधील एका नगराचा आक्रोश पिकासोने भिंतभर का मांडला, हा प्रश्न मग विद्यार्थ्यांच्या मनात येतच नाही.

यावर उपाय साधा आहे. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर बहुधा चित्राखाली मोजमापे दिलेली असतात. शिक्षकाने ती वाचून दाखवावीत आणि विद्यार्थ्यांकडून मोजपट्टी व खडू यांच्या साहाय्याने तेवढी चौकट आखून घ्यावी. एक चौकट फळ्याच्या कोपऱ्यात मावते. दुसरीसाठी अंगणात जावे लागते. त्या चौकटीत उभे राहिल्यावर चित्राची भव्यता विद्यार्थ्याला स्वतःच्या उंचीशी ताडून पाहता येते.