एका थेंबात दोन महाराष्ट्र!

बुलढाणा जिल्ह्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीची महापंगत बसते. लाखो माणसं रांगेत, पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून! बघता बघता भान हरपतं. आता त्या पंगतीतल्या कुणाच्याही बोटाला सुई टोचा. एक थेंब. त्यात तांबड्या पेशी किती? सुमारे २५ कोटी! २०११ च्या जनगणनेतला अख्खा महाराष्ट्र दोनदा मावेल, वर जागा उरेल. या पेशी खेटून रांगेत लावल्या तर १,८७५ मीटर. आणि अंगात असे लाखभर थेंब.

हाच थेंबांचा हिशेब आता लायपोसक्शनला लावा, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याला. ५ लिटरच्या वर काढलं की डॉक्टर त्याला मोठं लायपोसक्शन म्हणतात. ५ लिटर! अंगातलं सगळं रक्तही साधारण तेवढंच. चरबीबरोबर रक्तही निघतं, पण त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ साली मांडलेल्या पद्धतीत आधी सलाइन, जागा बधिर करणारं लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रेनलिन चरबीत भरतात. रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त जातं फक्त १ टक्क्याच्या आसपास. ५ लिटरमागे ५० मिलिलिटर, म्हणजे हजार थेंब. फक्त? अहो, त्यांतल्या पेशींची रांग १,८७५ किलोमीटर! मुंबईहून मलकापूर, शेगाव मागे टाकत हावडा मेल जाते, तो जवळजवळ सगळा रस्ता. तरी अस्थिमज्जा सेकंदाला २० लाख नव्या पेशी घडवते. तेवढ्या पेशी दीड दिवसात तयार!

धोका मात्र खरा आहे. भरलेलं सलाइन रक्तात उतरून ते पातळ करतं, हिमोग्लोबिन घसरतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पाहणीत ४,९६,२४५ शस्त्रक्रियांमागे ९५ मृत्यू निघाले, म्हणजे सुमारे ५,२०० मागे एक, आणि सर्वांत मोठं कारण फुप्फुसात अडकलेली गुठळी. म्हणून ५ लिटरच्या पुढे गेलेल्या रुग्णाला रात्रभर रुग्णालयात नजरेखाली ठेवायलाच हवं. खर्च वाचवायला घरी जाऊ नका.

आणि जुनी, कोरडी म्हणजे काहीच न भरता केलेली पद्धत? तिच्यात बाहेर आलेल्या ऐवजात रक्तच २० ते ४५ टक्के असायचं! ४० टक्के धरा. ५ लिटरमागे २ लिटर. ४०,००० थेंब. रांग ७५,००० किलोमीटर, मुंबई-पुणे अंतराच्या ५०० पट, पृथ्वीला जवळजवळ दोन प्रदक्षिणा! पेशी १० लाख कोटी. नेहमीच्या वेगाने तेवढ्या घडवायला ५८ दिवस. आणि सेकंदाला एक रुपया याप्रमाणे तेवढे रुपये मोजायला बसलात, तर लागतील ३ लाख १७ हजार वर्षं!